क्रिस्टिना डॉयटेकॉम : रात्रीच्या राणीपलीकडचा आवाज

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही काही वर्षं खयाल शिकताय. मोझार्टच्या 'जादुई बासरी' या ऑपेरातलं रात्रीच्या राणीचं गाणं डच सोप्रानो (म्हणजे सर्वांत उंच पट्टीतल्या स्त्री-आवाजाची गायिका) क्रिस्टिना डॉयटेकॉम यांच्या आवाजात ऐकलंत आणि थक्क झालात. आता तुम्हाला कळायला हवंय की या बाई कोण होत्या, गळा इतक्या उंचावर जातो तरी कसा, तिशी उलटेपर्यंत कोरसमध्ये, म्हणजे मागच्या समूहात, गाणारी गायिका एवढी मोठी कशी झाली, आणि असं गाऊन त्यांच्या आवाजाचं पुढे काय झालं.

मी बरीच वर्षं पाश्चात्त्य पद्धतीचं गायन शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मेअधिक तुमच्यासारखेच असतात, आधी हार्मोनियम-तानपुऱ्यावर गळा तयार झालेला आणि मग ऑपेराची ओढ लागलेली. म्हणून तुमच्या ओळखीच्या परिमाणांत सांगते. पण एक मत आधीच नोंदवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डॉयटेकॉम यांना जगाने रात्रीची राणी म्हणून ओळखलं, त्यांचा आवाज मात्र त्या भूमिकेहून मोठा होता. तो खऱ्या अर्थाने ऐकायचा तर एकोणिसाव्या शतकातला इटालियन संगीतकार व्हेर्दी याच्या सुरुवातीच्या ऑपेरांत ऐकायला हवा.

जन्म 28 ऑगस्ट 1931, ॲमस्टरडॅम. जन्मनाव स्टीन्त्ये एंगेल. डॉयटेकॉम हे आडनाव लग्नानंतरचं. जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या, आणि शहर मोकळं झालं तेव्हा तेरा. म्हणजे शाळेची सगळी महत्त्वाची वर्षं ताब्यातल्या शहरात गेली, त्यात 1944-45 चा तो उपासमारीचा हिवाळाही आला.

हॉलंडमध्ये ऑपेरा गायिका व्हायचं म्हणजे काय, हेही समजून घ्या. इटलीत गावोगावी ऑपेरागृह असतं, जर्मनीत प्रत्येक बऱ्यापैकी शहराची स्वतःची पगारी मंडळी असतात. हॉलंडचं तसं नाही. तिथल्या संगीताचा कणा म्हणजे चर्च, ऑर्गन, आणि 1888 साली उघडलेलं ॲमस्टरडॅमचं कॉन्सर्टखबाऊ सभागृह. विलेम मेंगेलबर्ख यांनी 1899 पासून ईस्टरच्या आधीच्या रविवारी तिथे बाखचं 'मॅथ्यू पॅशन', ख्रिस्ताच्या मरणाची कथा सांगणारी गायन-वादनाची मोठी रचना, वाजवायला सुरुवात केली आणि ती राष्ट्रीय परंपराच झाली. त्यामुळे तिथल्या नावाजलेल्या सोप्रानो बहुतेक मैफलीच्या आणि ऑरेटोरिओच्या (ऑरेटोरिओ म्हणजे अभिनयाविना गायली जाणारी, बहुधा धार्मिक कथेवरची रचना): आल्त्ये नूर्डेवीर-रेड्डिंगियस, यो व्हिन्सेंट, पुढे एली आमेलिंग. स्वच्छ सूर, स्पष्ट शब्द, नाटकीपणा नको, हा त्यांचा बाणा. ऑपेरात जागतिक नाव कमावलेली डॉयटेकॉमआधीची मोठी डच सोप्रानो म्हणजे ग्रे ब्राउवेनस्टाइन. 1950 च्या दशकात जर्मनीतल्या बायरॉइट महोत्सवात वाग्नरचे आणि लंडनला व्हेर्दीचे ऑपेरा गाणारी, पण आवाजाची जातकुळी अगदी निराळी.

युद्धानंतर ॲमस्टरडॅममध्ये नेदरलँड्स ऑपेरा उभा राहिला. लायडसेप्लाइन चौकातल्या शहराच्या जुन्या नाट्यगृहात त्याचे प्रयोग होत. स्वतंत्र ऑपेरागृह मिळायला 1986 उजाडलं. डॉयटेकॉम याच संस्थेच्या कोरसमध्ये गात होत्या, जोडीला बारीकसारीक भूमिका.

कोरसबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. 'मागे उभे राहणारे' म्हणजे ज्यांना एकट्याने गाणं झेपत नाही ते. प्रत्यक्षात ऑपेराच्या कोरसमध्ये रोज तालीम, आठवड्याला अनेक प्रयोग, इटालियन, जर्मन, फ्रेंच अशा भाषांत पाठांतर, अंगावर जड पोशाख, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून कंडक्टर पकडायचा. शिवाय पंधरा-वीस फुटांवर उभं राहून चांगले-वाईट सगळे सोलोइस्ट ऐकायला मिळतात. कोण कुठे श्वास घेतो, कोणाचा आवाज तिसऱ्या अंकात बसतो, हे जितकं कोरसमधून दिसतं तितकं कुठल्याही वर्गातून दिसत नाही. तोटाही आहे. शेजारणीच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा, त्यामुळे मोठा आवाज सतत आवरून धरावा लागतो. काही गळे त्याने कायमचे आखडतात. डॉयटेकॉम यांचा आखडला नाही, हे त्यांचं सुदैव, आणि माझ्या मते त्यांच्या श्वासाच्या ताकदीचा पुरावा.

1963 साली त्यांना ॲमस्टरडॅममध्ये रात्रीच्या राणीची भूमिका मिळाली. तेव्हा वय एकतीस-बत्तीस. हलक्या, चपळ आवाजाच्या मुली ही भूमिका विशी-पंचविशीत गातात आणि तिशीत सोडून देतात. डॉयटेकॉम तिथून सुरू झाल्या. चार वर्षांत, 1967 मध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांनी याच भूमिकेने पदार्पण केलं. मार्क शगालच्या रंगीबेरंगी पडद्यांची ती नवी निर्मिती होती. त्याच वर्षी त्याच निर्मितीत, त्याच भूमिकेने लुचिया पॉपनेही तिथे पदार्पण केलं होतं. या दोघींची पुढची वाट पाहण्यासारखी आहे. पॉपने राणी लवकरच सोडली आणि मऊ, भावपूर्ण भूमिकांकडे वळली. डॉयटेकॉम गेल्या उलट दिशेला, अधिक जड, अधिक आगीच्या भूमिकांकडे.

आता उंचीबद्दल. राणीच्या गाण्यातला सर्वांत वरचा सूर म्हणजे वरचा एफ, साधारण 1397 हर्ट्झ. तुम्ही काळी पाच पट्टीत गाता असं धरू. तुमचा तार पंचम म्हणजे पांढरी चार, आणि बहुतेक बंदिशींत तिथे पोचलं की आपण शिखरावर आलो असं वाटतं. राणीचा सूर बरोबर त्याच्या एक सप्तक वर आहे. म्हणजे अतितार सप्तकातला पंचम. हे नुसतं ओरडून होत नाही. तार पंचमाच्या आसपास स्त्रीच्या गळ्यात एक वळण येतं. तिथून वर स्वरतंतू ताणून पातळ करावे लागतात, त्यांच्या कडाच काय त्या हलतात, आणि खालून येणारी हवा फार मोजून सोडावी लागते. खालच्या पट्टीतला छातीचा भरणा तसाच वर न्यायला गेलं की सूर फुटतो नाहीतर गळा सुजतो.

इतक्या वर शब्द कळत नाहीत, तो गायिकेचा दोष नव्हे. 'आ' आणि 'ई' आपण वेगळे ओळखतो ते तोंडाच्या पोकळीतल्या अनुनादांमुळे. 'आ'चा पहिला अनुनाद हजार हर्ट्झच्या आतबाहेर, बाकीच्यांचा त्याहून खाली. मूळ सूरच चौदाशेवर गेला की ओळख पटवणारं काही उरत नाही. म्हणून सोप्रानो वर जाताना जबडा उघडत जातात, अनुनाद सुरापर्यंत आणून भिडवतात. त्यामुळेच मायक्रोफोनशिवाय एक बारीक सूर अख्ख्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

मोझार्टने हे कोणासाठी लिहिलं? त्याची मेहुणी योझेफा होफर हिच्यासाठी. 30 सप्टेंबर 1791 ला व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला तेव्हा राणी तीच होती. भूमिका एकूण दहा-बारा मिनिटांची, पण बेरकी. पहिल्या अंकातलं गाणं संथ सुरू होतं. मुलगी पळवली गेलेली आई व्याकूळ होऊन बोलतेय, सूर मधल्या पट्टीत, आवाजात वजन हवं. मग एकदम वेग आणि वरचा एफ. त्यानंतर बराच वेळ रंगपटात बसून राहायचं. दुसऱ्या अंकात यायचं ते मुलीच्या हातात खंजीर देऊन खून कर म्हणायला, आणि तिथे चपळाईचा कस. मधल्या वेळात गळा गार पडतो. ही भूमिका करणाऱ्या गायिकांना एका रात्रीत दोनदा गळा तापवावा लागतो.

बारीक आवाजाच्या गायिका वरचे सूर टिपतात, पण पहिल्या गाण्यातला तो संथ भाग पोकळ ठेवतात. डॉयटेकॉम तिथे भरलेल्या वाटतात. सर गेऑर्ग शोल्टी यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर 1969 साली केलेलं ध्वनिमुद्रण मिळवा. राणीची मुलगी पामिना झालीय पिलार लोरेंगार, राजपुत्र टामिनो स्टुअर्ट बरोज, पक्षी पकडणारा पापागेनो हेरमान प्राय. त्यात राणीचं पहिलं गाणं आधी ऐका. ही आई खरोखर दुखावलेली आहे, आणि त्याच दुखण्यातून पुढचा राग येणार आहे, हे आवाजाच्या वजनावरून कळतं.

दुसऱ्या गाण्यात, खंजिराच्या, तुम्हाला जे विचित्र वाटलं असेल ते बहुधा तिच्या तिहेरी सुरांच्या लडीत. वरचे टोचलेले एफ होऊन गेल्यावर एक लांब ओळ येते, तीन-तीन सुरांचे गुच्छ एकापाठोपाठ. बहुतेक गायिका ते सलग, तेल लावल्यासारखे गातात. डॉयटेकॉम प्रत्येक सूर सुटा काढतात. आपल्याकडे ज्याला दाणेदार तान म्हणतात त्या अर्थाने दाणेदार. यावर तेव्हापासून दोन तट आहेत. काहींना ते आल्प्समधल्या डोंगरी गाण्यासारखं, आवाज मोडून फेकल्यासारखं वाटतं. मला तो त्यांच्या गळ्याचा स्वभाव वाटतो. प्रत्येक सुरावर स्वरतंतूंची एक लहानशी उघडझाप होते आणि मागून हवेचा दाब मात्र जराही हलत नाही. पोटाला झटके देऊन 'ह ह ह' करत गाणाऱ्यांची लड शेवटाला मंदावते. त्यांची मंदावत नाही.

तुम्ही तान शिकलेल्या आहात म्हणून मुद्दाम सांगते, याची नक्कल करू नका. गमकेच्या तानेत आपण सुराला खालून आंदोलन देतो, वजन छातीत राहतं. इथे वजन जवळजवळ काढून घेतलेलं आहे. दोन्हींची सरमिसळ केली की गळ्याला धक्के बसायला लागतात.

जाता जाता आपल्या मनाला भिडणारी एक गोष्ट. 1977 साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, आणि त्याच तबकडीत रात्रीच्या राणीचं हे दुसरं गाणंही आहे, एडा मोझरच्या आवाजात. एकीकडे केसरबाईंचा जयपूर-अत्रौलीचा भरीव, सलग आकार, दुसरीकडे हा टोचलेला राग. माझ्या विद्यार्थिनींना मी ही दोन्ही लागोपाठ ऐकवते, आणि तिसरं डॉयटेकॉमचं. मोझर आणि डॉयटेकॉम या दोघीही या भूमिकेत जड आवाज घेऊन आल्या होत्या, त्यामुळे तुलना करण्यात अर्थ आहे. मोझरचा राग अधिक जळता आहे, डॉयटेकॉमची लड अधिक अचूक.

त्यांना डोळ्यांनी पाहायचं असेल तर हॅम्बुर्ग ऑपेराची 1971 ची चित्रित 'जादुई बासरी' आहे. दिग्दर्शन पीटर उस्तिनोव यांचं, टामिनो निकोलाय गेडा. जबडा आणि मान पाहा. एवढ्या वरच्या सुरांवर मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत नाहीत. माझ्या वर्गात मी आवाज बंद करूनही हे दाखवते.

राणीने त्यांना जगभर नेलं, आणि राणीनेच त्यांच्यावर शिक्का मारला. जर्मन ऑपेरागृहांत आवाजांची वर्गवारी फार काटेकोर असते. त्याला फाख म्हणतात. तुमचं फाख ठरलं की करारात त्याच भूमिका येतात. वरचा एफ लागतो म्हटल्यावर चपळ, हलक्या सोप्रानोच्या खणात टाकलं जाण्याची शक्यता मोठी. डॉयटेकॉमचा आवाज हलका नव्हता. त्यात धातूची धार होती आणि मधल्या पट्टीत वाद्यवृंदाला भिडायची ताकद होती. चपळाई आणि वजन एकत्र असणारे असे गळे विरळ. नशिबाने काळ अनुकूल होता. 1950 च्या दशकात मारिया कॅलस यांनी आणि 1959 च्या 'लुचिया'पासून जोन सदरलँड यांनी बेल्लिनी, दोनिझेत्ती यांचे धूळ खात पडलेले ऑपेरा परत रंगमंचावर आणले होते. त्या मागोमाग रोसिनीचे गंभीर ऑपेरा आले, व्हेर्दीच्या तरुणपणचे ऑपेरा आले. ते गायला नेमके असेच आवाज हवे होते. डॉयटेकॉम लुचिया गायल्या, नॉर्मा गायल्या, 'प्युरितानी'तली एल्व्हिरा गायल्या, मोझार्टच्या फिओर्दिलिजी आणि डोना ॲना गायल्या, आणि 1970 मध्ये व्हेनिसला रोसिनीची 'आर्मिदा' गायल्या, जी भूमिका घ्यायला आजही मोजक्याच सोप्रानो धजावतात.

आता माझ्या आवडीच्या जागी येते. 1971 मध्ये लांबेर्तो गार्देल्ली यांच्या संचालनाखाली फिलिप्स कंपनीने व्हेर्दीचा 'इ लोम्बार्दी' ध्वनिमुद्रित केला. प्लासिदो डोमिंगो, रुज्जेरो राइमोंदी, आणि गिझेल्दाच्या भूमिकेत डॉयटेकॉम. पुढच्या वर्षी त्याच चमूचा 'आत्तिला', त्यात राइमोंदी, शेरिल मिल्न्स, कार्लो बेर्गोंझी आणि ओदाबेल्ला झालेल्या डॉयटेकॉम. व्हेर्दीने हे ऑपेरा तिशीच्या आसपास लिहिले, 'लोम्बार्दी' 1843 मध्ये, 'आत्तिला' 1846 मध्ये. त्या काळात सोप्रानोच्या गळ्याची तो जराही गय करत नसे. ओदाबेल्लाचा प्रवेश बघा. बाप मारला गेलाय, शहर जळलंय, समोर हूणांचा राजा बसलाय आणि ही कैदी बाई पहिल्याच वाक्यात त्याला ललकारते. आवाज वरच्या सी वर चढतो आणि तिथून साधारण दोन सप्तकं खाली झेपावतो. गळा तापवायला एकही ओळ दिलेली नाही. हलकी सोप्रानो खाली नाहीशी होते, जड सोप्रानो उतरताना सूर लपेटते. डॉयटेकॉम मोजता येतील असे सूर घेत उतरतात. जी धार राणीमध्ये कधी कधी बोचते ती इथे तलवारीसारखी कामाला येते. आणि तो सुटा-सुटा दाणा, ज्यावरून राणीच्या वेळी वाद झाला, तो ओदाबेल्लाच्या तोंडी धमकी होऊन बसतो.

'लोम्बार्दी'त दुसऱ्या अंकाच्या शेवटी गिझेल्दा आपल्याच लोकांना सुनावते की हा रक्तपात देवाच्या इच्छेचा नाही. पहिल्या धर्मयुद्धाची गोष्ट, आणि धर्मयोद्ध्यांच्या घरातलीच मुलगी हे बोलते. तिथे डॉयटेकॉमच्या आवाजाचा कडकपणा मला नेहमी हलवतो. तो आवाज गोड असता तर कोणी ऐकलं नसतं.

सगळंच त्यांना शोभत होतं असं नाही. बेल्लिनीच्या लांब, रेशमी ओळींत, नॉर्माच्या चंद्राच्या प्रार्थनेत, मी स्पॅनिश सोप्रानो मोन्सेरात काबायेकडे जाईन. तिथे एका सुरातून दुसऱ्या सुरात विरघळत जायचं असतं आणि डॉयटेकॉमचा गळा विरघळणारा नव्हता. खालची पट्टीही खूप भरदार नव्हती. पण आवाजाची ओळख लपवून सगळ्यांसारखं गाण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही, आणि आज पन्नास वर्षांनी दोन ओळींत त्या ओळखू येतात.

न्यूयॉर्कमध्ये त्या खणातून बाहेर पडल्याचं सगळ्यांना दिसलं ते 1974 मध्ये. मेट्रोपॉलिटनचा नवा हंगाम उघडला 'सिसिलीची सांजप्रार्थना' या व्हेर्दीच्या ऑपेराने, डोमिंगो आणि डॉयटेकॉम यांना घेऊन. जॉन डेक्स्टरचं दिग्दर्शन, योझेफ स्वोबोदाचा तो प्रचंड जिना. सात वर्षांपूर्वी याच घरात बारा मिनिटांची राणी म्हणून आलेली गायिका हंगामाच्या पहिल्या रात्री पाच अंकी ऑपेराची नायिका होती. या एलेनाच्या भूमिकेत चौथ्या अंकात एक जागा आहे. वरच्या सी पासून एका दमात खाली, खालच्या एफ शार्पपर्यंत. तुमच्या काळी पाचमध्ये मोजा : अतितार रिषभापासून मंद्रातल्या कोमल धैवतापर्यंत. शेवटच्या अंकातल्या लग्नाच्या गाण्यात मात्र हलकी, नाचरी चपळाई लागते. म्हणजे एकाच रात्री दोन वेगळे गळे मागणारी भूमिका.

आवाज लवकर संपला का, हेही तुम्ही विचारलंय. नाही. 1963 पासून धरलं तर त्या दोन दशकांहून अधिक काळ मुख्य भूमिका गात होत्या, आणि त्या भूमिका पाहता हा काळ मोठा आहे. 1980 च्या दशकात रंगमंच सोडावा लागला तो हृदयाच्या दुखण्यामुळे. पुढे त्या शिकवू लागल्या, तरुण गायकांसाठी मास्टरक्लास घेऊ लागल्या. 7 ऑगस्ट 2014 रोजी ॲमस्टरडॅममध्येच त्यांचं निधन झालं, 83 व्या वाढदिवसाला तीन आठवडे होते.

उशिरा सुरुवात हे त्यांच्या टिकण्याचं एक कारण होतं असं मला वाटतं. विशीत जड भूमिका गाऊन गळा फाडून घेतलेले गुणी लोक मी पाहिलेत. तिशीपर्यंत कोरसमध्ये रोज गाऊन, पण एकट्याने ओझं न उचलता, हा गळा पिकला. मोठ्या भूमिका आल्या तेव्हा शरीर तयार होतं. हे सगळ्यांना लागू पडतं असं मी म्हणणार नाही, कारण कोरसमध्येच विरून गेलेले आवाजही तितकेच आहेत. पण पंचविशी उलटली म्हणून दार बंद झालं असं समजून माझ्याकडे रडत येणाऱ्या मुलींना मी डॉयटेकॉमचं चरित्र सांगते.

तुम्ही स्वतः काय करावं? वरच्या एफच्या मागे लागू नका. तो काही गळ्यांत असतो, बहुतेकांत नसतो, आणि त्याने गायिका लहान-मोठी होत नाही. सध्या तार षड्जापासून तार पंचमापर्यंतचा भाग हलक्या आवाजात, 'ऊ' वर, खालचं वजन सोडत सोडत गाऊन पाहा. घशाशी जराही घट्टपणा जाणवला की थांबा आणि अर्धा स्वर खाली या. आठवड्यातून दोनदा पुरे, रियाझाच्या आधी, नंतर नाही. आणि ऐकण्याचा क्रम असा ठेवा : शोल्टीच्या मुद्रणातलं राणीचं पहिलं गाणं, मग दुसरं, मग 'आत्तिला'तला ओदाबेल्लाचा प्रवेश, मग 'लोम्बार्दी'चा दुसरा अंक पूर्ण. शब्दांचा अर्थ समोर ठेवून ऐका, नाहीतर गिझेल्दा का चिडलीय ते कळणार नाही.